समोर येऊन बोल

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावर नव्हे अर्थात, तेवढी कुणाची छाती नव्हती. हे नाव हातातल्या हत्यारावरून पडलं की जिभेवरून, यावर जेवणाच्या सुट्टीत अधूनमधून वाद रंगे आणि दर वेळी जीभ जिंके. काम मात्र तिच्या तोडीचं कुणाचं नव्हतं. स्प्रिंगा वर आलेला, मध्ये बसलेला एखादा कोच आला की ती त्याचं जुनं कापड केळ्याचं साल काढावं तसं काढी, ते जमिनीवर पसरून त्याच्या मापाने नवं बेती, आणि अशी शिवण घाली की गिऱ्हाइकाला जोड शोधून सापडू नये. नवरा गेल्यावर दोन पोरं तिने या शिवणीवर वाढवली होती. दिवसभर मशीन मारून घरी यायचं, आल्यावर पुन्हा घरच्या मशीनवर वरकड कामाला बसायचं. मऊ बोलायला सवड कुणाला होती? पोरांशी बोलायचं ते पाठमोरं, तोंडात टाचण्या धरून, आणि बहुतेक वेळा काहीतरी चुकलं म्हणूनच.

थोरला मुलगा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. असा एक ब्रेक घरातल्या प्रत्येकाच्या गाडीत आपल्याला असावा, असं त्याला मनापासून वाटे. लग्नानंतर तो वेगळा राहत होता, पण आठवड्यातून एकदा येऊन आईला आणि धाकट्या बहिणीला दोन-चार ब्रेक लावून जायचा.

धाकटी तिशीला टेकली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि सगळं तिथेच सुरू झालं. गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेम लावून बघत असे, आणि ही मागून विचारी, "मला काही म्हणालात?" गिऱ्हाईक म्हणे, "नाही बुवा." पुन्हा थोड्या वेळाने तेच. एकदा एका बाईला तिने सरळ सांगितलं, "माझ्या बोटांबद्दल जे बोललात ते मालकांना सांगा, मला नको." त्या बाईने तोंड उघडलेलंच नव्हतं. नोकरी गेली.

मग दवाखाने झाले आणि आजाराला नाव मिळालं. स्किझोफ्रेनिया. ते नाव कात्रीच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. ती 'ते' म्हणायची. "तिला 'ते' आहे."

धाकटीला दोन आवाज ऐकू यायचे. एक बाई होती, ती फक्त हसायची. दुसरा पुरुष होता, त्याला धाकटीने 'मुकादम' असं नाव ठेवलं होतं, कारण तो तिच्या प्रत्येक हालचालीवर देखरेख ठेवायचा. 'उठली. आता चपला शोधतेय. बघा, एवढ्या मोठ्या बयेला चपला सापडत नाहीत. आता रडेल.' गोळ्यांनी मुकादम जरा लांब गेला, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा झाला. पण नोकरी सोडून तो काही गेला नाही.

म्हणून धाकटी आईला सारखं विचारायची, "आई, काही बोललीस का?"

सकाळी विचारायची, जेवताना विचारायची. कात्री खिडकीशी मशीनवर असायची, पाठ खोलीकडे, मशीनची घरघर चालू. मागून तेच यायचं.

"आई, काही बोललीस का?"

"हो, भाषण ठोकलं! टाळ्या वाजव."

"खरं सांग ना. बोललीस का?"

"तुझ्या कानात काय बोळे घातलेत? एकदा सांगून ऐकत नाहीस, आणि बोललं नाही तेव्हा बरं ऐकू येतं!"

हे कधी खरं असे, कधी नसे. म्हणजे कधी कात्री खरोखरच मशीनवरून पुटपुटलेली असे, की घरात एक बसून खाणारं तोंड आणि त्या तोंडाचे हे नखरे. मग धाकटीने विचारलं की तिला ते उद्धटपणाचं वाटे. पोरगी आपल्याला पकडायला बघते, असं वाटे. दोघींचे असे खटके दिवसात कितीदा उडत याला गणती नव्हती. खालच्या मजल्यावरची म्हातारी म्हणायची, "तुमच्या घरात वेडं कोण आहे ते खालून कळत नाही हो." कात्रीने तिच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं.

एके दुपारी थोरला आला. धाकटी आत झोपली होती, निदान या दोघांना तसं वाटलं. स्वयंपाकघरात नळ सोडून, त्याच्या आवाजाच्या आडोशाने तो म्हणाला, "आई, मी एक संस्था बघून आलोय. आजारी बायकांना ठेवतात. हिला तिथे ठेवू. तुला आता झेपत नाही."

कात्री भांडी विसळत होती. ती म्हणाली, "ठेव बाबा. आत्ता नेऊन ठेव. हिच्यापायी माझा जन्म जळाला. मेलीला ना लाज ना जाणीव."

बोलून झालं आणि तिने मान वळवली, तर धाकटी दारात उभी.

"दादा, मला कुठे ठेवायचं म्हणालास?"

नळ वाहत होता. थोरल्याने आईकडे बघितलं. खरोखर ब्रेक लावायची वेळ आली की हा नेमका पाय काढून घ्यायचा. कात्रीने नळ बंद केला आणि हात पुसत, अगदी सहज म्हणाली, "कुणी काही म्हणालं नाही. तुझे ते आवाज असतील. दुपारची गोळी घेतलीस का?"

धाकटीने आईच्या तोंडाकडे बघितलं. मग भावाच्या. थोरला म्हणाला, "हो ना. आम्ही नळ दुरुस्त करायचं बोलत होतो."

"बरं," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

खोटं कात्री काही पहिल्यांदा बोलत नव्हती. ते तिच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की त्यानंतर हळूहळू घरात शांतता झाली. 'आई, काही बोललीस का' बंद झालं. धाकटी गोळी समोर घ्यायची, पाणी प्यायची, खोलीत जायची. कात्रीला हायसं वाटलं. कारखान्यात फोम कापणाऱ्या गड्याला ती म्हणाली सुद्धा, "चला, एक कटकट तरी गेली."

फोमवाला स्वभावाने गरीब. तो म्हणाला, "बरी होतेय मग पोरगी."

"बरी कसली. अक्कल आली असेल."

गोळ्या पलंगाच्या गादीत शिरत होत्या. गादीची शिवण बोटभर उसवून धाकटी जिभेखाली लपवलेली एकेक गोळी आत ढकलत होती. आयुष्यभर लोकांच्या गाद्या शिवणाऱ्या बाईला आपल्या घरातली उसवलेली गादी दिसली नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. कात्री कारखान्यातून आली तर घराचं दार उघडेना. आतून दाराला कपाट सरकवून लावलेलं होतं. हाका मारल्या, दार बडवलं, शिव्या दिल्या. आतून धाकटीचा आवाज आला, पण तो आईशी बोलत नव्हता. "हो, कळलं. हो, तुम्हीच खरं सांगितलंत. तिने नाही सांगितलं." थोरल्याला बोलावलं. जिन्यावर शेजारीपाजारी जमले. थोरल्याने खांदा लावून कपाट मागे सारलं आणि दोघं आत शिरली.

घरातली एकूण एक वायर कापलेली होती. रेडिओची, इस्त्रीची, फोनची, दिव्याची. मशीनचा पट्टा कापून त्याचे बोटाएवढे तुकडे केले होते. मध्ये जमिनीवर धाकटी बसली होती, हातात आईची मोठी कात्री. थोरल्याने झडप घालून ती काढून घ्यायला बघितली तेव्हा धाकटी त्याच्या मनगटाला इतकी कडकडून चावली की तो आईच्या नावाने ओरडला. जिन्यावरचं कुणीतरी म्हणालं, "आई गं, काय हे!" आणि कुणीतरी हसलं. धाकटीने त्या हसण्याकडे झटकन मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर जे भय होतं ते कात्रीने पाहिलं, पण त्या घटकेला तिला फक्त आपला पट्टा दिसत होता, आपली मशीन दिसत होती, आणि उंबऱ्याबाहेर उभी असलेली माणसं दिसत होती.

इस्पितळाच्या वॉर्डाच्या दारात, धाकटीला आत नेत असताना, ती तिला म्हणाली, "झालं समाधान?"

धाकटीने आईच्या ओठांकडे नीट पाहून ऐकलं आणि मान हलवली. जणू एवढं तरी नक्की कुणी बोललं ते तिला कळलं होतं.

*

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या, बुटक्या, पायात पळायचे बूट घालणाऱ्या. कात्रीला त्या पहिल्यापासून आवडल्या नाहीत. बोलताना थेट डोळ्यात बघायच्या. औषधं बदलली, दिवस गेले, मुकादम पुन्हा शेजारच्या खोलीत गेला. धाकटी जेवू लागली, केस विंचरू लागली. आईशी मात्र हो-नाहीच्या पलीकडे बोलेना.

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी कात्रीला खोलीत बोलावलं. इथे एक संशोधन चालू होतं. आवाज ऐकणाऱ्या माणसांच्या मेंदूत भावना कशा पोचतात याचं. मशीनमध्ये निजवून मेंदूची चित्रं घ्यायची, आणि त्या वेळी कानात जवळच्या माणसाचं बोलणं ऐकवायचं.

"तुमची मुलगी तयार आहे," त्या म्हणाल्या.

"ती तयार आहे? तिला विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणाली, माझ्या डोक्यात काय चाललंय ते सगळे मला सांगतात, एकदा मशीनलाही बघू दे."

कात्रीला हसू आलं. ते तिने गिळलं. पोरीची जीभ कुणावर गेलीय ते सांगायला डॉक्टर नको होता.

"मग माझं काय काम?"

"जवळचं माणूस तुम्ही आहात. तुमचा आवाज घ्यायचाय. तीन प्रकारचं बोलायचं. थोडं थोडंच. एक, तिचं काय खटकतं ते. दोन, काहीतरी साधं, बिनरागलोभाचं. तीन, तिचं काय आवडतं ते. तिच्याशी बोलल्यासारखं बोला."

भिंतींना जाड कापड लावलेल्या एका बारक्या खोलीत तिला बसवलं. कापड कुठल्या तरी शिकाऊ माणसाने ताणलं होतं, कोपऱ्यात सुरकुत्या होत्या. तिची नजर आधी त्यावरच गेली. मग काचेपलीकडून आवाज टिपणारा मुलगा म्हणाला, "बोला आजी, खटकतं ते."

'आजी' ऐकून तिचा पारा चढला, आणि मग काय, बांधच फुटला. "तुझं काय खटकत नाही ते विचार! उन्हं वर येईपर्यंत लोळतेस. कप ठेवतेस तो टेबलाच्या काठावर. केस विंचरतेस ते बेसिनमध्ये. माझा पट्टा कापलास, माझ्या मशीनचा! त्या मशीनवर तू वाढलीस..." मुलगा हात वर करून थांबवत होता, "पुरे आजी, पुरे, झालं." ती थांबली तेव्हा तिला दम लागला होता.

साधं बोलणंही झालं. 'बाहेर ऊन आहे. बस वेळेवर आली. दुकान सातला बंद होतं.' तसं कागदावर लिहूनच दिलेलं होतं.

"आता आवडतं ते."

कात्रीने तोंड उघडलं.

"तू..." ती म्हणाली. आणि थांबली.

मुलगा काचेपलीकडे वाट बघत होता. तो म्हणाला, "घाई नाही."

"तू लहान असताना..."

"आत्ताचं बोला आजी. आत्ता ती जशी आहे तसं."

कात्री तिथे बसून राहिली. पोरगी आवडत नाही असं नव्हतं. पण आवडणं कधी बोलून दाखवायची वेळच आली नव्हती. कपाटात ठेवून दिलेल्या कपड्यासारखं ते घडीवर विरून गेलं होतं. शेवटी ती म्हणाली, "तू... जेवणाला नावं ठेवत नाहीस." आणि मग एकदम चिडून, "हे काय थेर आहेत! असं कोण बोलतं घरात? तुमच्या आया बोलतात?" मुलाने यंत्र बंद केलं. तेवढंच घेतलं.

पुढच्या आठवड्यात धाकटीची चित्रं निघाली. डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकत्र बोलावलं. धाकटी आईपासून एक खुर्ची सोडून बसली.

"एका माणसाच्या चित्रावरून निदान होत नाही, आधीच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही पुष्कळांची चित्रं जमवून काय ते ठरवतो. आणि आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही. पण जे कळलंय ते सांगते. आपण मनात काही बोलतो ना, तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आधी निरोप धाडतो, की दचकू नको, हे आपलंच आहे. या आजारात तो निरोप बहुधा पोचत नाही. मग मनातलेच शब्द परक्याचे होऊन कानावर येतात. माणूस म्हणतो, मी नाही बोललो, मग कुणीतरी बोललं."

"म्हणजे मुकादम मीच?" धाकटीने विचारलं.

"शब्द तुमच्याच डोक्यात तयार होतात. तो तुमचं मत सांगतो असं नाही."

"बरं आहे. नाहीतर माझं माझ्याबद्दल फारच वाईट मत असायचं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग कात्रीकडे वळल्या. "दुसरी गोष्ट. मेंदूत खोल, बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. तुमचं रागाचं बोलणं ऐकवलं तेव्हा तो जोरात वाजला. ते आमच्याही डोक्यात वाजलं असतं." हे त्या सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. "पण 'बाहेर ऊन आहे' यालाही तो जवळजवळ तेवढाच वाजला. साधा चेहरा, साधं वाक्य, यातही या आजारात पुष्कळांना धमकी ऐकू येते. कोरा कागद दाखवला तरी त्यावर शिवी लिहिलीय असं वाटावं, तसं."

कात्री उसळली. "म्हणजे सगळं माझ्या तोंडामुळे. म्हणा ना सरळ. आईनेच वेडं केलं पोरीला!"

"नाही. हा आजार कुणाच्या तोंडामुळे होत नाही. असं पूर्वी म्हणायचे, ते चूक होतं. पण ज्या घरात सारखी टोचणी असते तिथे तो लवकर उलटतो, एवढं आम्ही पुन्हापुन्हा पाहिलंय. जखम तुम्ही केली नाही. मिठाचा डबा मात्र तुमच्या हातात आहे."

"आणि हिने माझ्या मशीनचा पट्टा..."

"आई," धाकटी म्हणाली, "पट्टा नवा आण. मी तिथे नसेन."

कुणालाच याचा अर्थ लगेच कळला नाही. धाकटी उठून वॉर्डात निघून गेली. कात्रीही उठली, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. ती तुम्हाला 'काही बोललीस का' असं विचारायची ना?"

"जीव नकोसा करायची विचारून विचारून."

"ती ताळा करत होती. बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं, ते. तुम्ही 'हो' म्हणालात की ते बाहेरचं, 'नाही' म्हणालात की आतलं. चांगली युक्ती होती. तिची तिनेच शोधलेली. कुणाला कधीकधी आम्ही शिकवूनसुद्धा जमत नाही. मग ती का सोडून दिली तिने? मी विचारलं, सांगत नाही."

कात्रीने पिशवी उचलली. "मला काय माहीत," ती म्हणाली.

पण जिना उतरता उतरता तिला ती दुपार आठवली. नळ, भांडी, दारातली पोरगी. 'तुझे ते आवाज असतील.' त्या पोरीपाशी एकच तराजू होता आणि त्याच्या पारड्याखाली आपण बोट घातलं. मुकादम म्हणाला असेल, 'हे तुला घालवायला बघतायत.' आई म्हणाली, 'कुणी काही बोललं नाही.' आणि दोघांत खरं बोलला होता तो मुकादम. अर्ध्या जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. वर येणाऱ्या एका माणसाने विचारलं, "काही होतंय का?" ती त्याच्यावर खेकसली, "तुम्हाला काय करायचंय?" आणि पुन्हा वर चढू लागली.

धाकटी वॉर्डात खिडकीशी उभी राहून पाणी पीत होती. कात्री तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि सवयीप्रमाणे पाठीशीच बोलली. "त्या दिवशी दादा आणि मी बोलत होतो. तुला संस्थेत ठेवायचं. तू ऐकलंस ते खरं होतं."

धाकटीने पाण्याचा घोट संपवला. मग हळूच वळली. "काही बोललीस का?"

"सांगितलं ना आत्ता!"

"मला तुझं तोंड दिसलं नाही. समोर येऊन बोल."

कात्री तिच्या आणि खिडकीच्या मध्ये गेली. उजेड डोळ्यांवर येत होता. तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलायचं म्हणजे गुंतलेल्या दोऱ्यात पुन्हा सुई ओवायची. तिने ते सगळं पुन्हा सांगितलं. "मी म्हणाले, ठेव. म्हणाले, हिच्यापायी माझा जन्म जळाला. तू दारात आलीस आणि मी म्हणाले, तुझे आवाज असतील. ते खोटं होतं. आवाज नव्हते. मीच होते."

धाकटीने तिच्या ओठांवरची नजर शेवटचा शब्द होईपर्यंत हलवली नाही. मग हातातला पेला तिने भिंतीवर भिरकावला. प्लॅस्टिकचा होता, फुटला नाही, पण पाणी पलीकडच्या पलंगावरच्या बाईवर उडालं आणि ती किंचाळली. परिचारिका धावत आली.

"मला माहीत होतं!" धाकटी ओरडत होती. "मला माहीत होतं आणि मी स्वतःला सांगत होते, आई खोटं बोलणार नाही, डोकं माझं खोटं बोलतंय! मी माझ्या डोक्याला खोटं पाडलं तुझ्यासाठी! मी आजारी आहे. तू खोटारडी आहेस. ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत!"

परिचारिकेने कात्रीला बाहेर काढलं. "कशाला सांगितलंत त्यांना काही? बऱ्या होत्या सकाळपासून," ती रागावली. कात्रीने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

थोरल्याला कळलं तेव्हा तो घरी येऊन आईवर बरसला. "तुला काय गरज होती? तिला पटलं होतं आवाज आहेत म्हणून. विषय संपला होता. आता ती आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवेल का?"

"तुझ्यावर कशाला ठेवायचा?" कात्री म्हणाली. "नळ दुरुस्त करत होतास ना? कर मग दुरुस्त. अजून गळतोय." आणि तिने त्याच्या हातात खरोखर पाना दिला. तो पाना टेबलावर आपटून थोरला निघून गेला. महिनाभर फिरकला नाही.

धाकटीने काही दिवस आईला भेटायचं नाकारलं. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या की पेल्याच्या प्रकारानंतर ती बरी झोपते. राग आहे, पण राग कशाचा आहे ते तिला नीट ठाऊक आहे, आणि एवढं तिच्याजवळ बऱ्याच दिवसांत नव्हतं.

घरी सोडायचा दिवस ठरला तेव्हा तिघांना बोलावलं. धाकटीनेच बोलायला सुरुवात केली. "मी घरी जाणार नाही. दादाने बघितलेली ती संस्था मी डॉक्टरांबरोबर जाऊन बघितली. सात-आठ बायका आहेत. स्वयंपाक आळीपाळीने करतात. एकजण दिवसभर कोडी सोडवते आणि कुणाशी बोलत नाही. मला चालेल."

थोरल्याने दोन्ही हात पसरले. "अगं, मी तरी वेगळं काय म्हणत होतो? अगदी हेच!"

"तू माझ्या पाठीमागे म्हणत होतास."

"पण गोष्ट तर तीच ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तुला एवढंही कळत नाही, आणि मेंदूची तपासणी माझी."

डॉक्टरीणबाईंनी खाली बघून हसू लपवलं. कात्रीला हसू आलं नाही. पोरीला घालवायचं म्हणून जी स्वतः 'आत्ता नेऊन ठेव' म्हणाली होती, तिलाच आता ते झोंबलं. आपण तिला ठेवलं असतं किंवा घालवलं असतं, पण तिने आपल्याला टाकून जावं? तिने तोंड उघडलं. टोचणारं वाक्य तयारच होतं, धार लावून ठेवल्यासारखं: 'जा, तिथल्या बायका तुला किती दिवस सोसतात बघू.' धाकटी समोरच बसली होती, आईच्या ओठांवर नजर लावून, खांदे वर घेऊन, मार चुकवायला बसावं तशी.

कात्रीने ते वाक्य गिळलं. गिळताना ते उभं-आडवं लागलं. "उशी घेऊन जा," ती म्हणाली. "तिथल्या कशा असतील काय माहीत."

ती संस्था म्हणजे बसगाड्यांच्या आगारामागचं एक दुमजली घर होतं. खाली बैठकीची खोली, वर निजायच्या खोल्या. कात्री पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा दारातच तिथल्या बाईशी वाजलं. येण्याची वेळ चारनंतरची आणि ही तीनला हजर. मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून वाट बघितली. आत सोडल्यावर बैठकीतल्या कोचाकडे बघून ती म्हणाली, "हे काय शिवलंय? हाताने शिवलंय की पायाने?" आणि कोडी सोडवणारी बाई मान वर न करता म्हणाली, "आली एक अजून."

धाकटी खाली आली. जरा जाड झाली होती, औषधाने. हाताला कांद्याचा वास होता. आईशेजारी बसायला जागा होती, पण ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"कशी आहेस?" कात्रीने विचारलं.

"आहे."

"जेवतेस?"

"जेवणाला नावं ठेवत नाही मी," धाकटी म्हणाली. "ऐकलंय मी ते. मशीनमध्ये. एवढंच सापडलं तुला?"

कात्रीच्या तोंडावर उत्तर आलं, मग दुसरं आलं. "त्या पोराने घाई केली," ती म्हणाली.

"घाई नाही असं म्हणाला तो. तेही ऐकू आलं, मागून."

बाहेर एक बस रिव्हर्स घेत होती. धाकटीने मान किंचित तिरकी केली, कुणीतरी कानाशी लागल्यासारखी. कात्रीला ती मान ओळखीची होती. पूर्वी ती बघितली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आजही गेलीच.

"काय म्हणतोय तो?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

धाकटीने तिच्याकडे बघितलं. आई थट्टा करतेय का हे तिने नीट तपासलं; डोळे बघितले, तोंड बघितलं.

"म्हणतोय, ही पुन्हा खोटं बोलणार आहे. म्हणतोय, हिला आत घेऊ नका."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणतेय, बघू."

कात्रीने पिशवी मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली. जाण्याची वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता.